जंत आणि अपेंडिक्स : सव्वाशे वर्षांपासूनचा प्रश्न

आज आपण पोटदुखीबद्दल बोलणार आहोत, पण थोडं इतिहासात शिरून. लेकराचं पोट दुखायला लागलं की आपल्या घरात पहिला शब्द निघतो, "जंत झाले असतील." आणि एखाद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं की दुसरा प्रश्न येतो, "जंतांमुळंच झालं का हो?" प्रश्न अडाणीपणाचा नाही. लंडन, पॅरिस आणि जर्मनीतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी याच प्रश्नावर सव्वाशे वर्षं वाद घातला आहे. त्या वादात जे हाती लागलं ते आपल्या घरातल्या लेकराचा जीव वाचवू शकतं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

आपण म्हणतो, "तिला अपेंडिक्स झालंय." खरं म्हणजे अपेंडिक्स सगळ्यांनाच असतं. बेंबीच्या उजवीकडे, खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं. तिथं मोठ्या आतड्याची सुरुवात पिशवीसारखी असते आणि त्या पिशवीला करंगळीसारखी एक नळी लोंबत असते. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला बंद. हेच अपेंडिक्स. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'जंताच्या आकाराचं शेपूट' असा आहे. ही नळी सुजली, तिच्यात पू झाला, की तो आजार. सूज वाढून नळी फुटली तर पू पोटभर पसरतो आणि जीवावर बेततं.

आता जंतांकडे बघू. सुतासारखे बारीक पांढरे जंत आपण सगळ्यांनी लेकरांच्या शीमध्ये पाहिलेले आहेत. मादी साधारण एक सेंटिमीटरची, नर त्याहून लहान. हे जंत राहतात कुठं? त्याच पिशवीत, जिला अपेंडिक्स लोंबतं. रात्री मादी शौचाच्या जागेपर्यंत उतरते आणि तिथं हजारो अंडी घालते. म्हणूनच लेकरू रात्री खाजवतं आणि किरकिर करतं. चाबकाच्या आकाराचे जंतही याच भागात राहतात. गांडुळासारखे मोठे गोल जंत मात्र लहान आतड्यात असतात. तर सुती जंत आणि अपेंडिक्स हे अगदी शेजारी शेजारी. शेजाऱ्यावर संशय पहिल्यांदा जातो, तसंच इथंही झालं.

जंतांची ओळख माणसाला फार जुनी आहे. आपल्याकडे चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत आणि त्यांवरच्या उपचाराची तीन पायऱ्यांची रीतही दिली आहे : कृमी बाहेर काढा, त्यांना शरीरात जगता येणार नाही असं करा, आणि ज्या कारणानं ते झाले ते कारण टाळा. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी पाजायच्या, पळसाच्या बिया, किरमाणी ओवा वापरायच्या, ते याच परंपरेतलं. युरोपातही जंतांवर तितकाच राग होता. ताप आला, जंत. झटका आला, जंत. पोट दुखलं, जंतच. जिथं कारण कळत नसे तिथं जंताचं नाव पुढं केलं जाई.

अपेंडिक्सचा आजार मात्र डॉक्टरांनाही फार उशिरा कळला. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस ॲमियांड नावाच्या सर्जननं ११ वर्षांच्या एका मुलाचं ऑपरेशन केलं. मुलाला हर्निया होता आणि त्यातून घाण वाहत होती. कापून पाहिलं तर हर्नियात अपेंडिक्स उतरलेलं, आणि मुलानं कधीतरी गिळलेल्या टाचणीनं त्याला भोक पाडलेलं. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं. तशाच अवस्थेत अपेंडिक्स काढलं आणि मुलगा वाचला. अपेंडिक्स काढून रोगी जगल्याची ही पहिली नोंद समजली जाते. त्या टाचणीनं पुढच्या डॉक्टरांच्या मनात एक विचार रुजवला : बाहेरची वस्तू या नळीत अडकली तर ती नळी फाडू शकते.

तरीही पुढची दीडशे वर्षं उजव्या बाजूच्या या दुखण्याला डॉक्टर 'आतड्याच्या पिशवीची सूज' म्हणत राहिले. १८८६ साली अमेरिकेत बोस्टन इथं रेजिनाल्ड फिट्झ या डॉक्टरांनी अडीचशेहून जास्त रोग्यांच्या नोंदी तपासल्या आणि ठामपणे सांगितलं की दोष पिशवीचा नसून त्या लहान नळीचा आहे, आणि वेळेत ऑपरेशन केलं तर माणूस वाचतो. 'अपेंडिसायटिस' हा शब्द त्यांनीच रूढ केला. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावर नेमकं कुठं दाबलं की दुखतं ती जागा दाखवून दिली. आजही डॉक्टर बेंबी आणि उजव्या कमरेचं हाड यांच्या मधे बोट दाबून बघतात, ती हीच जागा.

या आजाराचं नाव घराघरात पोचलं ते १९०२ साली. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे जमले होते. दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या पोटातला पू काढण्यासाठी ऑपरेशन करावं लागलं. सोहळा पुढं ढकलला गेला आणि शेवटी ९ ऑगस्टला झाला. राजा वाचला आणि लोकांची ऑपरेशनची भीतीही थोडी कमी झाली.

आता सगळे विचारू लागले, हा आजार होतो तरी कशानं? याच काळात संशयाची सुई जंतांकडे वळली. लंडनच्या मुलांच्या दवाखान्यात जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नावाचे डॉक्टर होते. १८९९ साली त्यांनी लिहिलं की मरण पावलेल्या मुलांची तपासणी करताना त्यांना अपेंडिक्समध्ये सुती जंत सापडले, आणि तेही एखाददुसऱ्या मुलात नव्हे. १९०१ साली पॅरिसमध्ये एली मेचनिकॉफ यांनी वैद्यकांच्या सभेपुढं हाच विषय मांडला. हे फार मोठे शास्त्रज्ञ. पुढं १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं सोपं होतं : जंत अपेंडिक्सच्या आतल्या अस्तराला इजा करतात, त्या जखमेतून रोगजंतू आत शिरतात आणि पू होतो. एवढ्या मोठ्या माणसानं सांगितल्यावर पुष्कळांना ते पटलं. आपल्याही मनाला ते पटण्यासारखंच आहे. वळवळणारा जंत, नाजूक अस्तर, जखम, पू. साखळी बरोबर जुळते.

पण जुळणारी साखळी खरी असतेच असं नाही. जर्मनीत लुडविग ॲशॉफ नावाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली अपेंडिक्सचे पातळ काप तपासत असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी वेगळंच सांगितलं. ज्या अपेंडिक्समध्ये सुती जंत दिसत होते, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सूज नव्हती, पू नव्हता. जंतांमुळं रोग्याच्या पोटात कळ येत असेल, अपेंडिक्सच्या आजारासारखंच दुखत असेल, पण तो खरा अपेंडिसायटिस नव्हे. त्यांनी त्याला निराळं नावही दिलं. त्यांच्याच देशातले दुसरे डॉक्टर राइनडॉर्फ यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी अस्तरात घुसलेले जंत दाखवले आणि म्हटलं, ही बघा इजा.

मग त्या इजेचाही तपास झाला. जिवंत शरीराला जखम झाली की आजूबाजूला लाली येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते. अस्तरात जंत घुसलेला दिसतो, पण भोवती यातलं काहीच नाही, असं का? १९५० साली सिमर्स या डॉक्टरांनी या जंतांच्या आजारावर सविस्तर लिहिलं. अपेंडिक्स काढल्यावर त्याचा रक्तपुरवठा बंद होतो, पण आतला जंत जिवंत राहतो आणि निसटायला वाट शोधत भिंतीत घुसतो. अशी जखम ऑपरेशननंतरची असते. तिचा दोष आजाराच्या माथी मारता येत नाही.

पुढचा मोठा मुद्दा आला तो आफ्रिकेतून. डेनिस बर्किट हे सर्जन युगांडात वीस वर्षं काम करत होते. १९७१ साली त्यांनी लिहिलं की आफ्रिकेच्या खेड्यांत अपेंडिक्सचा आजार फार कमी दिसतो, आणि इंग्लंड-अमेरिकेत मात्र खूप. आता बघा मैत्रिणींनो, जंत कुठं जास्त? जिथं शौचालय नाही, पायात चप्पल नाही, पाणी दूर आहे, तिथं. जंत हेच मुख्य कारण असतं तर अपेंडिक्सचे रोगी त्या खेड्यांतच जास्त सापडायला हवे होते. झालं होतं उलटंच. बर्किट यांनी बोट दाखवलं ते जेवणाकडे : मैदा आणि चोथा काढलेलं धान्य खाणाऱ्यांत हा आजार जास्त, कोंड्यासकट धान्य आणि भाजीपाला खाणाऱ्यांत कमी. १९८५ नंतर इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी तिसरं मत मांडलं की स्वच्छतेच्या सोयी वाढल्यावर मुलांना लहानसहान संसर्ग उशिरा होतात आणि मग अपेंडिक्स जास्त भडकतं. या दोन्ही मतांवर वाद आहेत. पण एवढं पक्कं झालं की एकट्या जंतांवर सगळा दोष टाकता येत नाही.

मग आज डॉक्टर काय मानतात? अपेंडिक्सची नळी कशानंतरी बुजते, हे बऱ्याच रोग्यांत आजाराचं मूळ असतं. कधी वाळलेल्या मळाचा खडा अडकतो, कधी नळीच्या भिंतीतल्या गाठी सुजतात. क्वचित जंतांचा पुंजका किंवा एखादा गोल जंतही आत शिरून नळी बुजवतो. म्हणजे जंत पूर्ण निर्दोष नाहीत. पण जगभरच्या अभ्यासांत, अपेंडिक्सची लक्षणं असलेल्या रोग्यांत सुती जंत सापडण्याचं प्रमाण ०.२ टक्क्यापासून ४१.८ टक्क्यांपर्यंत असं कुठल्या कुठं आहे. आणि बऱ्याच अभ्यासांत सुजलेल्या अपेंडिक्सपेक्षा न सुजलेल्या अपेंडिक्समध्येच जंत जास्त दिसले. चुलीपाशी मांजर दिसलं म्हणून दूध तिनंच प्यायलं असं होत नाही. त्या मांजराची तिथं रोजचीच ये-जा असते.

आता या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट. "जंतच असतील" या समजुतीनं जीव गेले, ते कसे? जंताचं जुनं औषध म्हणजे जुलाबाशी जोडलेलं औषध. किरमाणी ओव्यातून निघणारं सँटोनिन घ्यायचं आणि वर जुलाब, जेणेकरून जंत बाहेर पडतील. जंत नसले तरी "पोट साफ होईल" म्हणून एरंडेल पाजायचं. युरोप-अमेरिकेतही हेच चाले. पण सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचं औषध म्हणजे फुगलेल्या फुग्यावर दाब. आतडं जोरात आकसतं आणि नळी फुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९३० नंतरच्या वर्षांत डॉक्टरांनी याविरुद्ध मोहीमच काढली. शाळांतून, औषधाच्या दुकानांतून लोकांना सांगितलं : पोट दुखत असताना जुलाब देऊ नका, लगेच डॉक्टरला दाखवा. जुलाब घेतलेल्या रोग्यांत मरणाचं प्रमाण जास्त असल्याचं तिथल्या नोंदींतून दिसत होतं.

ही फिलाडेल्फियाची गोष्ट आपल्या ओट्यावरही घडते. लेकरू विव्हळतंय, कुणी हिंग लावतं, कुणी शेक देतं, कुणी एरंडेल काढतं, कुणी मागच्या वर्षीची जंताची गोळी शोधतं. रात्र जाते. सकाळी म्हणतात, "दुखणं थांबलं वाटतं." अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ दुखणं खरंच कमी होतं. मग पोट ताठ होतं, ताप चढतो आणि धावपळ सुरू होते. त्यात दुखणारी जर मुलगी किंवा सून असेल तर "पाळीचं असेल" म्हणून आणखी एक दिवस जातो. मैत्रिणींनो, हा एक दिवसच महाग पडतो.

म्हणून ही खूण लक्षात ठेवूया. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. भूक जाते, मळमळतं, उलटी होते, बारीक ताप येतो. चालताना, खोकताना, उडी मारताना तिथं कळ येते. रोगी पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. फार लहान लेकरांत, म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बाईत लक्षणं इतकी सरळ नसतात, त्यामुळं तिथं जास्त सावध राहायचं. असं दुखणं काही तास टिकलं तर खायला देऊ नका, जुलाब देऊ नका, एनिमा देऊ नका, शेक देऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथं सर्जन आहेत अशा रुग्णालयात न्या. जंताची गोळी हा अपेंडिक्सवरचा उपाय नव्हे. रोज रात्री खाजतं, मधूनमधून पोट दुखतं, पण लेकरू खेळतंय, खातंय, अशा वेळी जंतांचा विचार करायला हरकत नाही.

मग जंतांकडे दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही. जंतांवरचा हा एक आरोप सुटला तरी बाकीचे गुन्हे सिद्ध झालेले आहेत. अंकुशकृमी आतड्यातून रक्त पितात आणि आपल्या बायाबापड्यांची आधीच कमी असलेली रक्ताची पातळी आणखी खाली नेतात. गोल जंत लेकराच्या तोंडचा घास पळवतात आणि फार झाले तर आतडंच बुजवतात. जगात दीड अब्ज लोकांना मातीतून येणारे हे जंत आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात १० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. त्या दिवशी लेकरू आजारी असेल तर आशाताईंना सांगा, गोळी बरी झाल्यावर घेता येते. गरोदर बाईनं गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारूनच.

सुती जंतांची रीत थोडी वेगळी. एकाला झाले की घरातल्या सगळ्यांनी एकदमच औषध घ्यायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन आठवड्यांनी पुन्हा. कारण पहिल्या गोळीनं जंत मरतात, अंडी मरत नाहीत. नखं कापायची, सकाळी उठल्यावर लेकराला धुऊन घ्यायचं, आतले कपडे आणि पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. चरकानं सांगितलेली तिसरी पायरी, कारण टाळणं, ती हीच.

आणखी एक काम. घरात कुणाचं अपेंडिक्स काढलं तर ते तपासायला पाठवलं का, हे विचारा आणि रिपोर्ट मागून घ्या. त्यात जंत लिहिलेले असतील तर ऑपरेशन झालं म्हणून जंत गेले असं होत नाही. जंत आतड्यात राहतातच, आणि घरातल्या इतरांतही असू शकतात. सगळ्यांच्या औषधाचं डॉक्टरांशी बोला.

शेवटी एक मनातली गोष्ट. लेकराला जंत झाले की सासू, नवरा, शेजारीण, सगळे आईकडे बघतात. "हिला स्वच्छता नाही." सुती जंताची अंडी नखांतून, पांघरुणातून, शाळेच्या बाकावरून पसरतात आणि शहरातल्या फरशीच्या घरांतही जंत होतात. मातीतले जंत येतात ते उघड्यावरच्या शौचातून, आणि शौचालय, पाणी, सांडपाणी ही साऱ्या गावाची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, एकट्या बाईची नाही. आईला बोल लावला की ती लाजते, लपवते, घरच्या घरी औषध करत बसते, आणि दवाखान्याला उशीर होतो.

तर या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहूया. आपल्या गावापासून सर्जन असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं. रात्री गाडी कुणाची मिळेल. आणि अचानक दवाखान्यात जावं लागलं तर गटाच्या बचतीतून पैसे कुणी, कसे काढून द्यायचे. हे आधी ठरलेलं असलं की मध्यरात्री कुणाचं लेकरू कण्हायला लागलं तर त्याची आई एरंडेलाची बाटली शोधत बसणार नाही, ती सरळ फोन उचलेल.